जुनी गाडी, रत्नागिरीची वाट: वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रत्नागिरीत जुन्या गाड्या एका मैदानात आणायचं ठरतंय. तिथे स्वतःची गाडी घेऊन जायची, शहर बघायचं आणि त्याच दिवशी परतायचं, असं ठरवलेल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या नऊ पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. 'गाडी चमकवायला कुठलं पॉलिश वापरू?' असं विचारणारी पत्रं सर्वांत जास्त होती, ती बाजूला ठेवली. चमक मैदानात पोहोचल्यावर कामाची, आधी पोहोचायला हवं.

१९८४ची प्रीमियर पद्मिनी चिपळूणहून न्यायची आहे. गाडी गावात रोज चालते, लांब कधी नेली नाही. किती वेळ धरावा, बरोबर काय घ्यावं? (चिपळूण)

अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे. नवी गाडी दोन तासांत जाते, पद्मिनीला तीन धरा आणि पहाटे सहाच्या आत निघा. कारण वेग नाही, ऊन आहे. १०८९ सीसीचं हे इंजिन ५०-५५च्या वेगाने दिवसभर कुरकुर न करता चालेल. पण रेडिएटरचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. रस्त्याच्या कामापाशी ट्रकमागे दहा मिनिटं रांगेत उभे राहिलात की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद, समोरून वारा नाही, आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. नऊच्या आत हातखंबा, म्हणजे रत्नागिरीकडे वळायचा फाटा, गाठलात तर हा प्रकार बहुतेक टळतो. रांग लांब दिसली तर सरळ इंजिन बंद करा.

पहिला थांबा आरवलीला घ्या. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, तापलेली गाडी निववायला माणसं नेमकी तिथेच थांबतात ही गंमत वेगळी. चहा सांगण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. खाली ठिपके पडलेत का बघा आणि पेट्रोलचा वास येतोय का तेही बघा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. अर्धा तास जाऊ द्या, मग जाड ओला कपडा टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतर काढा.

निघण्याच्या आठवडाभर आधी फॅन बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबा. साधारण १२ मिलिमीटर दबायला हवा. त्याहून सैल असेल तर घसरतो, ताठ असेल तर वॉटर पंपाचं आणि वीज बनवणाऱ्या डायनामोचं बेअरिंग खातो. रेडिएटरचे होज, म्हणजे रबरी नळ्या, पिळून बघा. आतून कुरकुरले किंवा क्लिपपाशी फुगलेले दिसले तर बदला. टायरची नक्षी बघून फसू नका. गावात चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर कितीही नवा दिसला तरी काढा. स्टेपनीचाही आकडा वाचा, तो बहुतेक सर्वांत जुना निघतो.

डिकीत हे असू द्या: फॅन बेल्ट, ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, दोन प्लग, एक चालू कॉइल, फ्यूज, मीटरभर पेट्रोलचा होज आणि चार क्लिपा, वरचा रेडिएटर होज, पाच लिटर पाणी, लिटरभर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, टेस्ट लॅम्प, फट मोजायचा फीलर गेज, ओढायचा दोर, लाकडी पाचर, लाल त्रिकोण आणि आग विझवायचा सिलिंडर. सिलिंडर मात्र डिकीत नको, पुढच्या सीटखाली ठेवा. आग बोनेटखाली लागते आणि तुमच्याकडे मिनिटही नसतं.

परतीला साडेतीन-चारला निघा. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डायनामोच्या गाडीचे दिवे कमी वेगात समोरच्या ट्रकच्या प्रकाशापुढे नावालाच असतात.

गाडी व्यवस्थित चालते, पण गरम झाल्यावर चहाला थांबलो की परत सुरू होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप होते. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला. (संगमेश्वर)

कार्बोरेटरला आता हात लावू नका. या तक्रारीमागे तीन वेगवेगळे रोग असतात आणि तिघांचा उपाय वेगळा. उलट इलाज केला तर रोग वाढतो.

पहिला, पेट्रोल जास्त होणं. इंजिन बंद झालं की पाणी फिरणं थांबतं, पंखा थांबतो आणि ब्लॉकची सगळी उष्णता वर चढते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. बोनेट उघडताच घमघमाट येतो, प्लग काढला तर ओला निघतो. अशा वेळी चोक ओढू नका. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश तळाशी नेऊन तिथेच दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली केलात तर आणखी पेट्रोल आत जाईल.

दुसरा, ज्याला गॅरेजमध्ये एअर लॉक म्हणतात. खरं तर ती हवा नसते, पेट्रोलचीच वाफ असते. जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढण्यामुळे नळीतला दाब कमी होतो. दाब कमी झाला की उकळायचं तापमानही उतरतं, त्यात पंप स्वतः गरम. वाफ झाली की पंप नुसता फडफडतो. इथे वास येत नाही आणि सेल्फ मारल्यावर प्लग कोरडाच निघतो. पंपावर आणि त्याला येणाऱ्या नळीवर ओला फडका ठेवा, पाच-सात मिनिटं थांबा. कायमचा उपाय करायचा तर नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा, पंपाखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट घाला. विजेवरचा पंप बसवणार असाल तर तो टाकीजवळ, टाकीच्या पातळीला बसवा, कारण ढकलण्यात तो चांगला, ओढण्यात नाही. त्याचा दाब अडीच-तीन पीएसआयच्या वर नको, नाहीतर कार्बोरेटरची सुई पेट्रोल अडवू शकणार नाही आणि तुम्ही पुन्हा पहिल्या रोगावर याल. इंजिन बंद पडलं की पंपाची वीज आपोआप तुटेल असा स्विच हवाच.

तिसरा, कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा डबा. याकडे शेवटी लक्ष जातं, खरं तर कार्बोरेटर उघडण्याआधी जायला हवं. म्हाताऱ्या कॉइलचं आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर दगा देतं आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखं वागतं. लक्षणं पेट्रोलच्या रोगासारखीच, म्हणून कार्बोरेटर उघडला जातो. जादा प्लग एका वायरला लावा, कार्बोरेटरपासून दूर इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कडकडीत निळी ठिणगी पडली तर कॉइल निर्दोष. पिवळसर, लेचीपेची ठिणगी दिसली तर कॉइल किंवा कंडेन्सर. पॉइंट उघडून बघा. तोंडं काळी, खड्डे पडलेली असतील तर कंडेन्सर गेलाय. पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

म्हणजे पुढच्या वेळी गाडी रुसली की आधी नाक, मग प्लग, मग ठिणगी. ओला असेल तर पाय दाबून ठेवा, कोरडा असेल तर ओला फडका.

कोल्हापूरहून अ‍ॅम्बॅसॅडर आणणार आहे. आंबा घाट उतरताना मागे एकदा ब्रेकचं पॅडल खोल गेलं होतं. मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठीक आहेत. (कोल्हापूर)

गॅरेजच्या सपाट जमिनीवर ते ठीकच असणार. घाटात सतत पाय ठेवून उतरलात की ड्रम तापतो आणि फुगतो. आतून ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरला तिथवर पोहोचायला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून पॅडल खोल. लायनरचा तापलेला पृष्ठभाग पकडही सोडतो. ही झाली एक गोष्ट. पॅडल स्पंजासारखं मऊ लागलं तर ती वेगळी, त्यात ब्रेक ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४०लाच. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेलं ऑइल बदलायलाच हवं, रंग कितीही स्वच्छ दिसो. बदलताना सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढत या आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का बघा.

उतरायची रीत जुनीच: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक दुसऱ्यात. वेग वाढला की ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ दाबा, पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवण्याचा हिशेब घाटात करू नका. पॅडल खोल जाऊ लागलं तर मोकळ्या जागी थांबा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला पाचर लावा. हँडब्रेक ओढू नका, तापलेला ड्रम निवताना आकसतो आणि लायनर त्यात अडकून बसतं. ड्रमवर पाणी तर मुळीच ओतू नका, बीड तडकतं. पाचरीऐवजी दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. घाटात रात्री मोटारसायकलवाला पडतो तो बहुधा अशाच दगडावर.

बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून सुरू करता येईल ना? (मालवण)

आधी तुमच्या गाडीत बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेली आहे ते बघा. १९५०च्या दशकातल्या अनेक इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह वायर बॉडीला असते. नेहमीच्या सवयीने बॉडीला बॉडी जोडलीत तर समोरच्याच्या नव्या गाडीचा अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर क्षणात जातो. जुन्या विलीज जीपमध्ये बॅटरी ६ व्होल्टची असते, तिला १२ जोडू नका. दोन्ही गोष्टी कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवा, मदतीला येणाऱ्याला ते माहीत नसतं.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं खरंच नुकसान होतं का? पूर्वी शिशाच्या पेट्रोलबद्दलही असंच बोलायचे. (देवरुख)

दोन्ही तक्रारी खऱ्या, पण जोर वेगवेगळा. शिसं असलेलं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटला उशीसारखा उपयोगी पडायचा. तो गेल्यावर बिडाच्या हेडमध्ये कोरलेली सीट हळूहळू खाली बसते. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातलं, अंतर दर वेळी तपासताना कमी झालेलं आढळलं तर समजा बसतेय. पुढच्या वेळी हेड उतरवलं की कडक धातूच्या सीट बसवून घ्या. वर्षाला हजार किलोमीटर, तेही पन्नासच्या वेगाने चालवणाऱ्याने यासाठी मुद्दाम हेड उघडू नये.

इथेनॉल मात्र आजच बघायला हवं. जुना रबरी होज, पंपाचा डायफ्राम, कॉर्कचं गॅस्केट यांना ते मऊ करतं आणि फुगवतं. होजला आतून सालपटं सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात, बाहेरून होज नवा दिसतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटाही ते सोडवून आणतं, म्हणून पहिल्या काही टाक्या फिल्टर पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. सगळे होज इथेनॉलला टिकणारे घाला, डायफ्रामही त्याच जातीचा मागा. इंधनात प्राणवायू जास्त असल्याने मिश्रण पातळ होतं, गाडी झटके देत असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा लावून बघा.

कोकणात याहून मोठा शत्रू म्हणजे उभी गाडी. इथेनॉल ओल शोषतं. अर्धी टाकी पावसाळाभर राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच पेट्रोल घेते. जूनमध्ये टाकी रिकामी करा किंवा काठोकाठ भरा. प्रवासाचं पेट्रोल आदल्या दिवशी भरा.

आजोबांची १९६८ची गाडी आहे. 'व्हिंटेज' नंबर घ्यावा का? (सावंतवाडी)

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत हा प्रकार आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, मॉडेलपासून नव्हे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अर्ज नमुना २०मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी बुक.

पण अट वाचा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुमच्या गाडीची नोंदणी चालू असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो. आमचं मत विचाराल तर नोंदणी जिवंत असणाऱ्याने दर पाच वर्षांनी तीच वाढवत राहावी. संध्याकाळी बाजारात नेता येत नाही ती गाडी हळूहळू उभीच राहते. कागद अजिबात नसलेल्या किंवा नोंदणी संपून गेलेल्या गाडीला व्हीए हा चांगला रस्ता आहे. विमा आणि पीयूसी दोन्हींत लागतोच.

१९७२च्या फियाटला मेटॅलिक रंग आणि अलॉय चाकं आहेत. परीक्षक गुण कापतील? (गुहागर)

कापतील. चाकं आठवड्यात बदलता येतात, मूळ लोखंडी चाकं आणि त्यांच्यावरच्या वाट्या शोधा. रंगाचं आता राहू द्या, घाईत दिलेला रंग जास्त वाईट दिसतो. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, घड्याळ, डिकीचा दिवा हे चालतं का ते परीक्षक बघतात आणि इथे फुकट गुण जातात. गाडीबरोबर आलेला जॅक आणि पाने असतील तर मांडा. स्टिअरिंगवरचा गिअर खाली आणला असेल तर तो परत वर न्यायचा विचार पुढच्या वर्षासाठी करा. आणि आदल्या दिवशी इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरते, सकाळी अंगणातच गाडी अडते.

प्रदर्शन बघून चार तास उरतील. आई पंचाहत्तरीची, बरोबर दोन मुलं. काय बघावं? (दापोली)

गाडी मैदानातच राहू द्या आणि रिक्षा करा. टिळक आळीच्या बोळांत जुनी गाडी आणि जुने ब्रेक दोघांची परीक्षा बघण्यात अर्थ नाही.

आधी थिबा राजवाडा. १८८५मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला राजा थिबा याला पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा हा वाडा पूर्ण झाला १९१०मध्ये, आणि डिसेंबर १९१६मध्ये राजा वारला. म्हणजे चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत, वाड्यात जेमतेम सहा. कोकणी उतरती छपरं आणि अर्धगोल लाकडी खिडक्या असलेली ही इमारत मुलांना आवडते. आत संग्रहालय आहे, सोमवार टाळा. जवळच थिबा पॉइंटवरून काजळी नदीची खाडी आणि भाट्याचा किनारा दिसतो, आईंना तिथे बसता येईल.

तिथून टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. २३ जुलै १८५६चा जन्म. घर लहान आहे, वीस मिनिटं पुरतात. पतितपावन मंदिर शहरातच आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात भागोजीशेठ कीर यांनी १९३१मध्ये बांधलेलं हे सर्व जातींना खुलं असलेलं देऊळ.

उरलेला वेळ रत्नदुर्गाला. किल्ला घोड्याच्या नालेसारखा समुद्रात घुसलेला आहे. भगवतीच्या देवळाजवळपर्यंत रिक्षा जाते, आईंनी तिथवरच यावं. दीपगृहाकडची चाल उन्हाची आहे. वरून मिरकरवाड्याचं बंदर आणि मांडवीचा काळा किनारा दोन्ही दिसतात. सूर्यास्तासाठी थांबलात तर मुक्काम करा, दापोली लांब आहे. आंब्याची चौकशी करू नका, हापूसला अजून महिनाभर आहे.

परत आल्यावर खाऱ्या हवेपासून गाडी कशी वाचवायची? फोटोसाठी वाळूवर नेली तर चालेल का? (अलिबाग)

वाळूवर नेऊ नका. चाक रुतलं की क्लच जळतो, आणि ओली खारट वाळू ब्रेक ड्रममध्ये शिरली की बाहेर येत नाही. फोटो रस्त्यावरून काढा, आरे-वारेच्या वळणावर समुद्र मागे येतोच.

पद्मिनी काय, अ‍ॅम्बॅसॅडर काय, दोघींना वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे तळ गंजला तर नुसतं रूप जात नाही, गाडीची ताकद जाते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी, ड्रम थंड असताना, गोड्या पाण्याने खालून धुवा: चाकांच्या कमानी, दरवाजांची खालची कड, जॅक लावायच्या जागा. दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. पूर्वीच्या रंगवाल्याने बहुधा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेली असतात. मग दोन-तीन किलोमीटर हलके ब्रेक मारत फिरवून आणा, म्हणजे लायनर सुकतं. पायाखालचं कार्पेट उचलून तळ उन्हात वाळवा. क्रोमला मेणाचा पातळ हात द्या, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा. प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतं. जुनी सुती चादर बरी.

लांबीखाली गंज आहे का हे कळायला लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा उरलेला नाही. त्या जागी जॅक लावू नका.